रखडलेलं शिवणकाम, अर्धवट हस्तकला: ढीग उपसायचा कसा?

अर्धीटीप
मंडळी, शिवण-टिपण, विणकाम, भरतकाम करणाऱ्या घरात माळ्यावर नाहीतर दिवाणाच्या पोटात एक ढीग असतोच. तो उपसायची पद्धत इथे ठरवूया. सुरुवात कुठून करायची? सगळ्यात जुन्यापासून, सोप्यापासून, की ज्याची गरज जवळ आली आहे त्यापासून?

नमुन्याला समोरचाच ढीग घ्या. कापून ठेवलेले अस्तराचे ३ ब्लाउज (१ जरीकाठी टसर, २ सुती). रेयॉनचा अंब्रेला कुर्ता, फक्त घेर दुमडायचा राहिलाय, हँगरला लटकतोय. गोधडीसाठी कापलेले ५ इंची चौकोन, २००. सुयांवरच राहिलेला अर्धा स्वेटर. मॅटीवरचं फुलीच्या टाक्याचं भरतकाम, रिंगेत अडकलेलं. तंगुसात ओवलेलं मोत्यांचं अर्धं तोरण. रेक्झिनची पिशवी, झिप बाकी. आणि फॉल लावायच्या ४ साड्या.

जागा वन बीएचके. मशीन घरगुती, मोटरचं, काम झालं की उचलून ठेवावं लागतं.

माळ्यावरचा
उपसू नका. तळाशी काय निघेल याचा भरवसा नाही.

गिरगावचा_शिंपी
ताई, ढीग वयाने लावू नका, अडलेल्या पायरीने लावा. प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी टाचा आणि तिच्यावर पुढची एकच पायरी लिहा. 'ब्लाउज पूर्ण करणे' असं नाही. 'अस्तर वरच्या कापडाला जोडणे', 'मरून दोरा आणणे', 'छाती मोजणे' असं. पेन्सिलने लिहा, सर्दाळ हवेत शाईचं पेन कापडावर उतरतं.

मग लक्षात येतं की आठ वस्तू तीनच कारणांनी अडल्यात. सामान नाही (मॅचिंग रीळ, झिप, हुक). मापाची शंका आहे. किंवा नावडती पायरी आलीय, बहुतेक वेळा हातशिलाई. पहिल्यासाठी बाजाराची एक फेरी, दुसऱ्यासाठी टेप घेऊन दहा मिनिटं. तिसऱ्यासाठी बाहेरचा माणूस. काज करून देणारे, पिको-फॉलवाले, ओव्हरलॉक मारून देणारे दर दोन गल्ल्यांआड आहेत. त्यांना पैसे देण्यात कमीपणा नाही. आम्हीही देतो.

कामं पायरीप्रमाणे एकत्र करा. सगळ्यांची इस्त्री एकदम, सगळ्यांचं ओव्हरलॉक एकदम, पांढऱ्या दोऱ्याचं सगळं एका बैठकीत.

नीमा_दादर
शिंपीकाका, ही एकगठ्ठा पद्धत कारखान्यात चालते, कारण तिथे तुकडा पुढच्या हातात जातो. घरात पुढचा हात आपलाच. तीन ब्लाउजच्या बाह्या एकदम लावून होतात, मग गॅसवर दूध उतू जातं आणि तीनही ब्लाउज बिनगळ्याचे परत दिवाणात. एक वस्तू पूर्ण करा, तिची घडी कपाटात जाऊ दे, मग दुसरी.

कसर_लागलेली
नीमा +१. एकगठ्ठा पद्धतीत अर्धवट वस्तूंची संख्या कमी होत नाही, त्या फक्त सगळ्या थोड्याथोड्या कमी अर्धवट होतात.

गिरगावचा_शिंपी
मुद्दा बरोबर. मग असं करा: दोन्ही टोकं एकगठ्ठा, मधलं एकेक. म्हणजे अस्तर भिजवणं, इस्त्री, कॅनव्हास चिकटवणं, बॉबिन (खालच्या दोऱ्याची फिरकी) भरणं एकदम. शेवटची हातशिलाई, हुक, बटणं एकदम, टीव्हीसमोर. मधली मशीनची शिलाई मात्र एका वस्तूची पूर्ण झाल्याशिवाय दुसरी हातात घ्यायची नाही.

बॉबिन पाच भरून ठेवा: पांढरं, काळं, मोतिया, मरून, राखाडी. आतल्या शिलाईला राखाडी दोरा बहुतेक रंगांवर खपून जातो. दर वेळी रीळ बदलायला उठावं लागत नाही, हा अर्धा फायदा.

वैदेही_ठाणे
ब्लाउजबद्दल. कापून बरेच दिवस पडलेत ना? मग शिवायच्या आधी दोन गोष्टी बघा.

१) अस्तर कापण्याआधी भिजवलं होतं का? टू बाय टू रुबिया (अस्तराचं सुती कापड) पहिल्या धुण्यात आटतं. कापलेलं अस्तर न भिजवता लावलं तर वरचं कापड तसंच राहतं, अस्तर आखडतं आणि कटोरीखाली चुण्या येतात. आठवत नसेल तर न भिजवलेलंच समजा. तुकडे रात्रभर पाण्यात ठेवा, न पिळता सपाट वाळवा, इस्त्री करा आणि वरच्या कापडावर ठेवून पाहा. कडेला दोरा-दोन दोरे कमी पडलं तर चालतं, ते शिलाईत जातं. पाव इंच कमी पडलं तर अस्तर नव्याने कापा. अस्तर स्वस्त, टसर महाग.

२) गळा आणि मुंढा (बाही जोडतो ती गोलाई). दोन्ही जागी कापड तिरकं कापलं जातं, म्हणून घडी घालून ठेवलं तरी ओढलं जाऊन वाढतं. तुकडा मधोमध दुमडून डावा-उजवा मुंढा एकावर एक येतो का पाहा. गळा वाढला असेल तर कडेपासून पाव इंचाच्या आतून मोठ्या टाक्यांची टीप मारा, खालचा दोरा हलकेच ओढून गळा मापावर आणा, वाफेची इस्त्री द्या. तिरकी पट्टी त्यानंतर लावायची.

अर्धीटीप
वैदेही, अस्तर सगळं न भिजवलेलं समजून चालते. पण माप? कापलं तेव्हाचं माप आणि आताचं यात फरक आहे.

माळ्यावरचा
फरक कापडात. आपण तसेच्या तसे.

वैदेही_ठाणे
मोजणं सगळ्यात आधी. कोणी 'कापलेलं आधी शिवा' म्हटलं तरी मापाचा निकाल लागल्याशिवाय कात्री-सुई हातात घेऊ नका. हिशेब सोपा आहे: ब्लाउजला बाजूच्या दोन शिलाया, प्रत्येकीत पुढची-मागची अशा दोन, मिळून चार कडा. प्रत्येक कडेला दाबातून (शिलाईच्या आत ठेवलेल्या जास्तीच्या कापडातून) अर्धा इंच सोडला की छातीत २ इंच वाढतात. मात्र बाजू वाढली की मुंढा वाढतो, म्हणून बाहीची शिलाईही तेवढीच सोडावी लागते, नाहीतर बाही बसत नाही. दाब दीड इंच असेल तर १ इंचापर्यंत सोडा, अर्धा आत राहू द्या.

त्याहून जास्त लागत असेल तर बगलेखाली उभी पट्टी. सुती ब्लाउजला साडीच्या काठाची घातली तर मुद्दाम केल्यासारखी दिसते.

टसर मात्र उसवण्यावर सोडू नका. रेशीम, साटीन, रेक्झिन या तिन्हींत सुईची भोकं राहतात. आधी अस्तराच्या कापडाचा कच्चा ब्लाउज मोठ्या टाक्यांनी शिवून अंगावर पाहा, मग टसरला सुई लावा.

काश्मिरी_टाका
टसरच्या जरीकाठाला रबरबँड लावून ठेवलेलं नाही ना? असेल तर आत्ता उठा आणि काढा. रबरातल्या गंधकाने खरी जर काळी पडते आणि पट्ट्यासारखा डाग राहतो. सुती मलमलमध्ये गुंडाळा, डांबरगोळी थेट जरीला लागू देऊ नका, वर्षातून दोनदा घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घाला.

रीळ_आणि_शटल
वस्तूंच्या आधी मशीन. बरेच महिने बंद असेल तर पहिल्या बैठकीत काहीही शिवायचं नाही, फक्त हे:

सुईखालची पट्टी दोन स्क्रू काढून उघडा. दात्यांमध्ये दोऱ्यांचा कापूस दाबून बसलेला असतो, तो ब्रशने काढा. फुंकू नका, तोंडातली वाफ जाते आणि कापूस आणखी आत सरकतो. शटल काढून पुसा. तेलाच्या भोकांत मशीनचं तेल एकेक थेंब. खोबरेल किंवा गोडं तेल घातलं असेल तर ते चिकट होऊन मशीन जड झालेलं असणार, मग मेकॅनिक. दोरा न ओवता पाच मिनिटं मशीन चालवा, नंतर चिंधीवर. पहिली वीतभर शिलाई तेलकट येते.

सुई नवी. साधारण आठ तास शिवणाला एक सुई, हा हिशेब धरा. सुती ब्लाउज अस्तरासह १४ नंबर, रेयॉन-जॉर्जेटला ११, जीन्सला १६. होजियरीला गोल टोकाची, नाहीतर टाके सुटतात. घरगुती सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो, कारखान्याच्या मशीनची गोल दांड्याची सुई मागून आणू नका. लांब खोबण नेहमी ज्या बाजूने दोरा ओवतो त्या बाजूला.

आणि खाली दोऱ्याचा गुंता झाला की सगळे बॉबिनला शिव्या देतात. नव्वद टक्के वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. दाबपट्टी (सुईजवळ कापड दाबून धरते ती) खाली असताना दोरा ओवला की तो टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण धरणाऱ्या, चकत्यांमध्ये शिरतच नाही. पट्टी वर करून परत ओवा, गुंता थांबतो.

चिंधी_चोर
जुनी रिळंही तपासा. वीतभर दोरा दोन्ही हातात धरून झटका द्या. कापूस तुटावा तसा मऊ तुटला तर ते रीळ फक्त कच्च्या टाक्यांना. खिडकीत ठेवलेल्या सुती रिळांचं हेच होतं.

निवांत_मालाड
अंब्रेला कुर्त्याचं मला कौतुक वाटतं. घेर दुमडण्याआधी तो निदान २४ तास लटकवावा लागतो, कारण रेयॉन तिरक्या बाजूला खाली उतरतं आणि घेर वाकडा होतो. हा तर किती काळ लटकलाय. आता तो यापेक्षा खाली उतरणार नाही. अंगावर घालून कोणाला तरी जमिनीपासून पट्टीने मोजत गोल खुणा करायला सांगा, कापा, ओव्हरलॉक, पाव इंच दुमड, संपलं. रुंद दुमड घालू नका, गोल घेराला ती चुण्या पाडते.

अर्धीटीप
म्हणजे आळस हीच पायरी होती तर!

निवांत_मालाड
या एका वस्तूपुरती. खुणा मात्र खडूने करा. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाच्या खुणेवर इस्त्री फिरली तर खूण पक्की बसते. आणि इस्त्रीने उडणारी पेनं असतात ना, त्यांची खूण कडक थंडीत परत उमटते. मुंबईत धोका नाही, पण कुर्ता मनालीला नेलात तर सांगू नका सांगितलं नव्हतं.

गोधडीवाली_परळ
आता २०० चौकोन. आधी गणित, मग सुई.

५ इंची चौकोन, चारी बाजूंनी पाव इंच शिलाईत गेले की साडेचार इंच उरतात. १३ बाय १५ लावले तर १९५ चौकोन लागतात आणि पट होतो साडेअठ्ठावन्न बाय साडेसदुसष्ट इंच. पाच उरतात. एकट्याच्या पलंगाला ६० बाय ९० हवी. चौकोनांनीच भरायचं तर १४ बाय २०, म्हणजे २८०, आणखी ८० कापावे लागतील. तिथेच हे काम पुन्हा अडतं.

ते करू नका. डोक्याशी आणि पायाशी एकरंगी पट्टी जोडा, प्रत्येकी साडेअकरा इंच कापलेली, शिवून ११ राहते. लांबी साडेएकोणनव्वद झाली. त्यासाठी ४४ पन्ह्याचं पावणेदोन मीटर कापड पुरतं, आटण्यासकट. धुऊन घ्या.

चौकोन जोडायला घेण्याआधी चाचणी करा: तीन चौकोन ओळीत शिवा, दाब एका बाजूला इस्त्री करा आणि मधला मोजा. बरोबर साडेचार यायला हवा. दाबपट्टीच्या कडेला धरून शिवलं म्हणजे पाव इंच असं गृहीत धरू नका, पुष्कळ मशीनवर ते तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) भरतं. तेवढ्याने एका चौकोनामागे पाव इंच जातो आणि १५ चौकोनांत पावणेचार इंच. मग एक ओळ लांब, एक आखूड, चौकोनांचे कोपरे जुळत नाहीत आणि लोक गोधडी सोडून देतात. दात्यांच्या पट्टीवर बरोबर पाव इंचावर रंगीत चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला धरून चालवा.

कसर_लागलेली
पण ही आपली गोधडी नाही झाली, हे क्विल्ट झालं. गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर आणि धावदोरा.

गोधडीवाली_परळ
वरचा पट कसाही करा, आत जुनी लुगडी घातली आणि हाताने धावदोरा घातला की गोधडीच. आतले थर सुती घ्या. नायलॉनची साडी आत घालू नका, ती सरकते आणि घाम शोषत नाही. आतलं कापड धुऊन आटलेलं असतं, वरचं नवं असतं. नवं न धुता लावलं तर पहिल्या धुण्यात वरचा पट आखडतो आणि आतले थर पोटासारखे फुगतात.

अर्धी टाके घातलेली गोधडी कोणाकडे मधे फुगून पडली असेल तर कारण बहुधा एकच: चारी कडा आधी शिवल्या. मग मधल्या कापडाला बाहेर सरकायला वाट नाही. एक कड उसवा, गोधडी जमिनीवर पसरा, मधून बाहेरच्या बाजूला हात फिरवत सगळे थर सपाट करा, मधूनच सुरू करून चार-पाच बोटांच्या अंतराने कच्चे टाके घाला. जास्तीचं कापड कडेला येईल ते कापा. धावदोरा नंतर.

नाना_लालबाग
या धाग्यावर येऊन कळलं की गणपतीचं अर्धं मखर सोडून देशात आणखीही अर्धवट गोष्टी आहेत.

काश्मिरी_टाका
नाना, मखर दर वर्षी शेवटच्या रात्री पूर्ण होतंच. तारीख असली की काम होतं, यात तुमचंच उत्तर आहे.

भरतकामाची रिंग आजच सोडा. रिंग चढवून ठेवली की गोल वळ पडतो आणि पावसाळ्यात स्क्रूचा गंज कापडाला लागतो. वळ काढायला कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, अर्धा तास. त्याआधी लाल आणि गडद निळ्या दोऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून रंग सुटतो का पाहा. सुटत असेल तर पाण्यात घालायचं नाही, मागच्या बाजूने वाफ द्यायची. सुटत नसेल तर धुतल्यावर टॉवेलवर पालथं घालून इस्त्री.

परत सुरू करताना जुन्या फुल्यांचा वरचा टाका कोणत्या दिशेला आहे ते पाहा. निम्मं काम डावीकडे झुकलेलं आणि निम्मं उजवीकडे, तर फ्रेम केल्यावर लांबूनही पट्टा दिसतो. इंचाला १४ फुल्या बसणारं कापड असेल तर सहापदरी दोऱ्यातले दोन पदर आणि बोथट टोकाची २४ नंबर सुई. दोऱ्याची लडी ८ मीटरची असते. उरलेली पार्श्वभूमी एका रंगाची असेल तर लागतील तेवढ्या लड्या एकाच वेळी घ्या, नंतरच्या गठ्ठ्यातला रंग किंचित वेगळा निघतो.

लोकरीचा_गुंडा
स्वेटर. सुयांवर राहिलेली ओळ ओढली जाऊन टाके मोठे होतात आणि ती ओळ कायम दिसते. सुई काढा, दोन-तीन ओळी उसवा, टाके परत घ्या. यापुढे थांबायचं असेल तर टाके सुईवर ठेवू नका, वेगळ्या रंगाच्या दोऱ्यात ओवून ठेवा. सुई मोकळी राहते, गंजतही नाही.

सुईचा नंबर विसरला असेल तर: आपल्याकडच्या जुन्या नंबरांत १० म्हणजे ३.२५ मिमी, ८ म्हणजे ४ मिमी, नंबर वाढला की सुई बारीक. बॉर्डर साधारण १० ची आणि अंग ८ चं असतं. अंगाच्या १० सेंमी रुंदीतले टाके मोजा, मग ९ आणि ८ नंबरवर छोटे तुकडे विणून जुळवा. हातही बदलतो, म्हणून पाठ आणि पुढा वेगवेगळ्या काळात विणले असतील तर दोघांचा नमुना घ्याच.

पूर्ण उसवायचा निर्णय झाला तर लोकर खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी करा, चार जागी सैल बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास बुडवा, पिळू नका, टांगून वाळवा. कुरळेपणा जातो. ॲक्रिलिक असेल तर तेवढा जात नाही, आणि त्याला इस्त्री टेकवली तर ते कायमचं लुळं पडतं.

अर्धीटीप
स्वेटर ज्याच्यासाठी होता तो आता कॉलेजला आहे.

माळ्यावरचा
मोबाइलचं कव्हर होईल.

लोकरीचा_गुंडा
उसवा. बाळंतविड्याची कुंची, टोपडं, मोजे होतील, ते कोणाला ना कोणाला लागतातच. १०० ग्रॅमच्या आसपास मऊ लोकर असेल तर टोपडं-मोजे आरामात.

नीमा_दादर
हेच मला म्हणायचंय. काही गोष्टी 'पूर्ण करायच्या' यादीतून काढल्या पाहिजेत. रेक्झिनची पिशवी: नखाने कोपरा खरवडून पाहा. पापुद्रा निघाला तर संपलं. आपल्या दमट हवेत त्यावरचा थर आपोआप सुटतो, नवी झिप लावून तो थांबणार नाही. फेकून द्या. तंगूसही जुना झाला की ठिसूळ होतो. तोरण पुढे ओवत बसू नका, नाहीतर उंबरठ्यावर मोती सांडतील. मोती वाटीत काढा आणि नव्या तंगुसात पहिल्यापासून ओवा. मोत्यांचं नुकसान नाही.

चिंधी_चोर
फेकून द्या म्हणजे कुठे? बोहारीण वापरलेले धड कपडे घेते, कापलेले तुकडे बघून ती भांड्यांचं टोपलं उचलते. मोठे, न वापरलेले तुकडे गूंजसारख्या संस्थेला जातात. एक वीत रुंदीच्या आतलं बारीक कापून बैठकीच्या उशीत भरा. चिंध्या गच्च भरल्या की जड होतात, म्हणून डोक्याच्या उशीत नको.

रीळ_आणि_शटल
आणि न कापलेलं कापड हे अर्धवट काम नव्हे. तो साठा. तो या ढिगातून बाहेर काढा, निम्मी भीती जाते.

नीमा_दादर
साठा म्हणून परत मंगलदास मार्केटला कापड घ्यायला जायचं लायसन्स मिळतं ते वेगळं.

निवांत_मालाड
मंगलदासचा विषय निघालाच आहे तर: रविवारी बंद असतं, सामान आणायची फेरी शनिवारी ठेवा. लेस, लटकन, खडे भुलेश्वरला. कापडाचा दोन इंचाचा तुकडा बरोबर न्या आणि रीळ दुकानाच्या बाहेर उजेडात धरून बघा, ट्यूबलाइटखाली मरून आणि तपकिरी सारखेच दिसतात. रिळाचा एक दोरा सोडून कापडावर आडवा टाका. एकटा दोरा गुंडाळलेल्यापेक्षा फिका दिसतो, म्हणून दोन छटांमध्ये अडलात तर गडद घ्या. पावसात हिंदमाताला कापड घ्यायला जाणाऱ्यांना तुंबलेल्या पाण्याचं काय सांगायचं, त्यांना माहीत आहे.

वैदेही_ठाणे
फॉलचं राहिलं. फॉलही आटतो. लावण्याआधी पाण्यातून काढा, इस्त्री करा. न भिजवता लावला की साडीचा खालचा काठ गोळा होतो आणि निऱ्या वर उचलल्या जातात. खालच्या कडेला मशीन चालेल, वरच्या कडेला हातानेच, साडीचा एकच दोरा उचलत. बाहेर देणार असाल तर भिजवलेला फॉल आपण द्या, तिथे भिजवत बसत नाहीत.

कसर_लागलेली
ठेवायचं कशात? झिपच्या प्लॅस्टिक पिशव्यांत नग वेगळे छान दिसतात.

काश्मिरी_टाका
जून ते सप्टेंबर प्लॅस्टिक नको. आत ओल कोंडते, टाचण्या गंजतात, सुतावर काळे ठिपके येतात. सुती पिशव्या, वर चिठ्ठी. प्लॅस्टिकच हवं तर तोंड उघडं ठेवून आत सिलिका जेलची पुडी. बुरशीचा वास आलेलं कापड घरात झटकू नका, गॅलरीत ब्रश करा, मग धुवा. सगळा ढीग उन्हात घालायला ऑक्टोबरची काहिली बेस्ट. टाचणीच्या गंजाचा डाग पांढऱ्या सुतीवर असेल तर लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवा आणि खळखळून धुवा. रंगीत कापडावर आणि टसरवर हा प्रयोग नको.

अर्धीटीप
सगळ्यांना धन्यवाद. पण मूळ प्रश्न तसाच आहे. शनिवार-रविवार हातात आहे. पहिलं काय?

गिरगावचा_शिंपी
शनिवारी सकाळी मशीन बाहेर न काढता करायचं तेवढंच: टेप घेऊन मापं, चिठ्ठ्या, रिंग सोडणं, रबरबँड काढणं, रेक्झिनला नख. अस्तर आणि चारही फॉल एकाच बादलीत नको, रंग वेगवेगळे. पांढरी-फिकी एकत्र, मरून-काळी वेगळी, भिजत घाला. मग बाजार. संध्याकाळी मशीनची सफाई.

रविवारी कुर्त्याचा घेर. तो तासाभरात संपतो आणि मशीनचं टेन्शन बरोबर आहे का तेही कळतं. लगेच सुई बदलून १४ लावा आणि एक सुती ब्लाउज, गळ्यापर्यंत. टसरला या आठवड्यात हात लावायचा नाही. चौकोनांची फक्त तीनची चाचणी.

नीमा_दादर
मान्य. फक्त त्या रविवारी हुकसुद्धा लावून टाका. ब्लाउजला सहा हुक, अर्ध्या तासाचं काम. हुकाविना राहिलेला ब्लाउज हा शिवलेला ब्लाउज नसतो.

गिरगावचा_शिंपी
हुक आधी आतल्या पट्टीवर नाकाच्या दोन्ही भोकांत तीन-तीन टाके, मग मानेखाली दोन. मानेखालचे विसरले की हुक उलटतो.

अर्धीटीप
मशीनच्या दात्यांची पट्टी उघडतेय, पण एक स्क्रू फिरत नाहीये. काय करू?

रीळ_आणि_शटल
जोर लावू नका, खाच झिजेल. मशीनचं तेल एक थेंब, रात्रभर राहू द्या. मग खाचेत पूर्ण बसेल एवढ्या रुंद टोकाचा आखूड स्क्रू ड्रायव्हर घेऊन वरून दाबत फिरवा. मशीनच्या डब्यात येतो तोच.